तंबूतल्या पहिल्या रात्रीची धास्ती : राजमाचीला जाण्यापूर्वी काही प्रश्न

ओसरी

नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तीन कुटुंबे मिळून लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उधेवाडीत, तंबू लावून दोन रात्री राहायचे ठरवत आहोत. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी तंबूत झोपलेले नाही. माझे वय ४४ आहे, मुलगी सातवीत आहे आणि सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांनाही यायचे आहे. बाकी सगळे आनंदात आहेत. मला मात्र तारीख जवळ येईल तसा जिवाला घोर लागला आहे, आणि घरात बोलून दाखवले की "एवढे काय त्यात?" असे उत्तर येते. म्हणून इथे लिहीत आहे.

या धास्तीला एक जुने कारण आहे. आठवीत असताना शाळेचे शिबिर एका गावाबाहेरच्या माळावर होते. साठ मुलींसाठी दोन शौचालये होती आणि त्यांतल्या एकाच्या दाराला कडी नव्हती. जावे लागू नये म्हणून मी दीड दिवस जवळजवळ पाणीच प्यायले नाही. दुसऱ्या रात्री डोके इतके दुखले की उलट्या झाल्या. घरची आठवण येत असेल असे समजून बाईंनी मला थोपटून झोपवले. या गोष्टीला तीस वर्षे झाली, पण बाहेर राहण्याचा विषय निघाला की मला आजही ते कडी नसलेले दार आठवते.

तेव्हा माझा पहिला प्रश्न शौचाचा आहे. दुसरा पाळीचा, कारण तारीख नेमकी त्याच आठवड्यात येते. त्यानंतर साप, थंडी, सासूबाईंचे गुडघे, आणि शेवटी जी गोष्ट नीट शब्दांत सांगता येत नाही ती : एवढ्याशा पातळ कापडापलीकडे काय किंवा कोण आहे हे दिसत नसताना माणसाला झोप लागते तरी कशी?

पाऊलवाट

ताई, प्रश्न इतके स्पष्ट लिहिलेत याबद्दल आधी तुमचे आभार. गेली २२ वर्षे मी नवख्या लोकांना सह्याद्रीत घेऊन जातो आणि निघण्याच्या आधीच्या बैठकीत प्रत्येकाला आपली भीती कागदावर लिहायला सांगतो. साप, बिबट्या, अंधार आणि शौच हे चार शब्द जवळजवळ प्रत्येक कागदावर असतात. ज्यांमुळे सहली खरोखर बिघडतात त्या गोष्टी मात्र मला या कागदांवर क्वचितच दिसल्या आहेत : ओले कपडे अंगावर ठेवून झोपणे, अंधारात कड्याच्या कडेला फिरायला जाणे, धरणाच्या अनोळखी पाण्यात उतरणे आणि थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी पेटवणे.

शेवटच्या गोष्टीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती सर्वांत निरुपद्रवी वाटते. कोळशाची असो वा गॅसची, बंद जागेत जळणारी शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला रंग नसतो, वास नसतो आणि त्याने खोकलाही येत नाही. माणसाला नुसती गुंगी येते आणि ती दमल्याची झोप आहे असे त्याला वाटते. म्हणून स्वयंपाक बाहेर करायचा, निखाऱ्यांची घमेली बाहेर ठेवायची आणि तंबूची वरची जाळीची झडप कितीही थंडी असली तरी पूर्ण बंद करायची नाही. ती बंद केली तर आपल्याच श्वासातली वाफ आतल्या बाजूला जमून पहाटे थेंब अंगावर पडू लागतात, आणि तंबू गळतो आहे असे समजून लोक तंबूला दोष देतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला एकच उपाय ठाऊक आहे. जाण्याच्या आधी एक रात्र तोच तंबू घराच्या गच्चीवर लावा आणि सगळ्यांनी त्यात झोपा. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून चारही कोपऱ्यांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा. रात्री चेन कशी अडकते, वाऱ्याने बाहेरचे आच्छादन कसे फडफडते, पहाटे कापड किती थंड लागते, विजेरी चाचपडून हाताला लागते की नाही, हे सगळे घरात कळू द्या. कान एकदा या आवाजांना सरावले की राजमाचीला तेच आवाज ऐकून तुम्ही दचकणार नाही. नको वाटले तर चार पायऱ्या उतरून घरात जाता येते, आणि जाता येते हे माहीत असले की बहुतेक जण जात नाहीत.

गवताचे पाते

ओसरीताई, तुमचे कडी नसलेले दार वाचून गलबलून आले. मी पुरुषांच्या गटांबरोबर आणि नुसत्या बायकांच्या गटांबरोबरही डोंगरात राहिले आहे. माझा अनुभव असा की हा विषय निघण्याच्या आधी कोणीतरी मोठ्याने बोलून टाकला तर अर्धे ओझे तिथेच उतरते. तिन्ही कुटुंबांतल्या बायकांनी एकदा एकत्र बसून ठरवा की कोणी कोणाबरोबर जायचे आणि रात्री कोणाला उठवायचे. रात्री कधीही एकटीने जायचे नाही, आणि उठवले म्हणून कोणी कुरकुरायचे नाही, हा नियम आधीच करून ठेवा.

उधेवाडीत मुक्कामाची सोय करणाऱ्या घरांकडे बहुधा शौचालय असते, त्यामुळे तुमची अडचण तिथेच सुटेल. पण तुम्हाला पुढेही जायचे असेल असे धरून रानातली पद्धत सांगते. बागेत वापरतो ती साधी खुरपी घ्या. टाके, ओढा, तळे आणि पायवाट यांपासून साठ-सत्तर मोठी पावले दूर जा. वीतभर खोल खड्डा करा, म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर. त्याहून खोल गेलात तर मातीतले जीवजंतू कमी होतात आणि कुजण्याचे काम रेंगाळते. उकरलेली माती एका बाजूला ठेवा आणि नंतर तीच वर लोटून दाबा. कागद वापरलात तर तो पुरायचा नाही आणि जाळायचाही नाही. चेनच्या पिशवीत घालून परत आणायचा. ओले टिश्यू तर मुळीच टाकायचे नाहीत, कारण त्यांत बहुतेकदा प्लास्टिकचे धागे असतात. तांब्याभर पाणी आणि डाव्या हाताची आपली पद्धत रानात सर्वांत सोयीची आहे. फक्त ते पाणी आधी भरून न्यायचे आणि परतल्यावर साबणाने हात धुवायचे, तेही टाक्यापासून लांब.

पाळीबद्दल : पॅड पुरले तर कुत्री आणि कोल्हे उकरून काढतात, म्हणून तेही परत आणायचे. मी एका जाड काळ्या पिशवीत थोडी चहाची कोरडी पूड टाकते, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले पॅड ठेवते आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात घालते. दोन दिवस वास येत नाही. कप वापरायचा विचार असेल तर पहिला प्रयोग डोंगरात करू नका, किमान दोन महिने आधी घरी सवय करा. तुमच्या मुलीला हे सगळे आत्ताच दाखवून ठेवा. तिची पाळी सुरू झाली असो वा नसो, तिच्या वाट्याला तुमच्यासारखे शिबिर यायला नको.

रानवैद्य

मी ग्रामीण रुग्णालयात काम केलेला डॉक्टर आहे. सापांकडे येण्याआधी तुमच्या शिबिरातल्या डोकेदुखीबद्दल सांगतो. ती घरची आठवण नव्हती, शरीरातले पाणी कमी झाल्याची ती लक्षणे होती. शौचाच्या संकोचाने पाणी तोडणाऱ्या स्त्रिया मी नेहमी पाहतो. त्यांना डोकेदुखी होते, बद्धकोष्ठ होते आणि परतल्यावर चार दिवसांनी लघवीची जळजळ घेऊन त्या दवाखान्यात येतात. थंडीतही दिवसाकाठी दोन-अडीच लिटर पाणी जायलाच हवे, आणि चढाई असेल तर त्याहून जास्त. टाक्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी उकळूनच प्या, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.

आता साप. महाराष्ट्रात माणसांच्या जिवावर बेतणारे दंश बहुतांशी चार सापांचे असतात : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी मुक्कामाच्या दृष्टीने मण्यार नीट समजून घ्यावी. ती रात्री फिरते आणि जमिनीवर उघड्यावर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरू शकते. तिचा दंश इतका बारीक असतो की झोपमोडही होत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे जडावते आणि दंशाची खूण शोधूनही सापडत नाही. हे वाचून घाबरू नका, कारण याच माहितीतून उपाय निघतो. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लावलेला तंबू हा मण्यारीपासून उत्तम बचाव आहे. उघड्या पडवीत सतरंजीवर झोपण्यापेक्षा तुम्ही तंबूत जास्त सुरक्षित असाल. पडवीतच झोपायचे झाले तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. शिवाय साप थंड रक्ताचा प्राणी असल्याने डिसेंबरच्या रात्री त्याची हालचाल मंदावलेली असते. चेन मात्र जाता-येता लावायची, दोन मिनिटांसाठी सुद्धा उघडी ठेवायची नाही. तंबूभोवती मिठाची किंवा कार्बोलिक आम्लाची रेघ ओढण्यावर वेळ घालवू नका. तिच्या भरवशावर राहून लोक चेन उघडी टाकतात.

दंश झालाच तर पट्टी करकचून बांधणे, चिरा देणे आणि विष चोखणे ही तिन्ही कामे घातक आहेत. माणसाला शांत आडवे ठेवा, अंगठ्या आणि बांगड्या काढा, तो हात किंवा पाय फळी लावून स्थिर करा आणि गाडीने रुग्णालयात न्या. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात सर्वत्र आहे, पण कच्च्या रस्त्याच्या गावात तिची वाट बघत बसण्यापेक्षा गावातली जीप पुढे काढणे शहाणपणाचे; म्हणून पोहोचताक्षणी जीपवाल्याचा क्रमांक लिहून घ्या. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मोफत मिळते.

विंचवासाठी एवढेच, की सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका आणि सरपणाची मोळी उचलताना हात आधी घालू नका. एकेकाळी कोकणात लाल विंचवाच्या दंशाने कितीतरी माणसे दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे साधे रक्तदाबाचे औषध वापरून ते मृत्यू आटोक्यात आणले. आपल्याच मातीतले हे काम आहे, म्हणून संधी मिळेल तिथे मी ते सांगतो.

दूरदेशी

मी कॅलिफोर्नियात राहते. इथे योसेमिटीत अस्वलांमुळे खाण्याचे पदार्थच काय, दंतमंजन आणि साबणसुद्धा लोखंडी पेटीत बंद करून ठेवावे लागतात. गाडीतही रात्री ठेवता येत नाहीत. सुरुवातीला या नियमाचेच भय वाटले, मग लक्षात आले की प्राण्याला माणूस नको असतो, त्याला डबा हवा असतो. राजमाचीला अस्वल नाही, पण माकडे, उंदीर आणि कुत्री आहेत. लाडूचा डबा उशाशी घेऊन झोपू नका, एवढेच सुचवते.

सांजवेळ

वरचे सगळे पटते, पण ओसरीताईंच्या एका शब्दावर कोणी थांबले नाही. त्यांनी "काय किंवा कोण" असे लिहिले आहे. मला साप-विंचवाची भीती कधीच वाटली नाही, मला माणसांची वाटते. धरणाकाठच्या एका व्यावसायिक तंबूस्थळावर मी दोन मैत्रिणींबरोबर राहिले होते. रात्री दोनपर्यंत ध्वनिक्षेपक चालू होता, शेजारच्या तंबूतले लोक प्यायलेले होते, आणि एक जण "चुकून" आमच्या तंबूची चेन उघडू लागला. व्यवस्थापकाने हसून विषय संपवला. आम्ही उरलेली रात्र गाडीत बसून काढली. स्त्रियांची ही भीती केवळ अपरिचयाची नाही, ती अनुभवातून आलेली आहे, आणि गच्चीवरच्या तालमीने ती जाणार नाही.

तेव्हापासून मी काही गोष्टी पाळते. जागा निवडताना दर विचारण्याआधी तीन प्रश्न विचारते : ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होतो, मद्य चालते का, आणि रात्री जागेवर कोण असते. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर मी तिथे जात नाही. शक्य असेल तिथे गावातल्या एखाद्या कुटुंबाच्या अंगणात तंबू लावते, कारण जिथे घरातली बाई रात्री कंदील घेऊन गोठ्याकडे चक्कर टाकते तिथे बाहेरचा माणूस गडबड करायला धजत नाही. गावच्या पोलीस पाटलांना आपण किती जण आहोत आणि कधी निघणार हे कळवून ठेवते. चेनच्या दोन्ही कड्या आतून एका लहान दोरीने बांधते, पण गाठ अशी मारते की आतून एका ओढीत सुटेल.

पाऊलवाट

सांजवेळताई, तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. माझ्या बैठकीतल्या कागदांवर ही भीती फारशी उतरत नाही, कारण कागद गोळा करणारा मी पुरुष आहे. हे आज लक्षात आले. यापुढे आमच्या गटातली एखादी स्त्री ते कागद गोळा करेल.

माचीकर

नमस्कार मंडळी. मी उधेवाडीचाच. आमच्याकडे पाहुणे येतात, त्यामुळे या चर्चेत दोन शब्द लिहावेसे वाटले.

लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे येणारा रस्ता सुमारे १५ किलोमीटर आहे. त्यातला बराचसा कच्चा असल्याने जीप हळू चालते; सासूबाई असतील तर कंबरेला उशी घ्या आणि त्यांना पुढच्या आसनावर बसवा. कर्जतकडून कोंदिवड्याची वाट चालत चढायची आहे, ती त्यांच्यासाठी नाही. दिवस मावळायच्या आत पोहोचा. अंधारात तंबू लावणाऱ्या पाहुण्यांचा तंबू हमखास उतारावर लागतो आणि रात्रभर सगळे एका कोपऱ्यात घसरत राहतात.

डिसेंबरात आमच्याकडे भाताची झोडणी झालेली असते, त्यामुळे पेंढा भरपूर असतो. घरमालकाला विचारून दोन-तीन भारे मागून घ्या, नीट झटकून जमिनीवर वीतभर पसरा, वर ताडपत्री टाका आणि त्यावर तंबू उभारा. पेंढा आत घेऊ नका, अंगाला खाज सुटते. जवळ शेकोटी पेटवायची नाही हे सांगायला नकोच. तळ्याच्या काठी तंबू लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण तिथे दव फार पडते आणि गार हवाही खाली उतरून साचते. थोडे वर, घराच्या आडोशाला लावलात तर फरक कळेल.

एक विनंती आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन्ही बालेकिल्ल्यांवर आणि आसपासच्या कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. तिथे शेकोटी, फटाके आणि उग्र अत्तर नको. माश्या उठल्या की आधी अंग झाकून तिथून दूर व्हायचे, सामानासाठी थांबायचे नाही.

ओसरी

तुम्हा सर्वांची मी ऋणी आहे. सांजवेळताई, तो शब्द तुम्ही पकडलात म्हणून विशेष आभार. माचीकर दादा, आम्ही तुमच्या गावातल्या एका घराशी बोलून अंगण ठरवले आहे. तीन प्रश्नही विचारले आणि उत्तर देताना कोणी घुटमळले नाही.

गच्चीवरची तालीम काल रात्री झाली. मुलगी दहाला झोपली ती सकाळीच उठली. माझ्या डोळ्याला मात्र तीनपर्यंत डोळा लागला नाही आणि पाठ खालून इतकी गार पडली की वर दोन रजया असून उपयोग झाला नाही. पुण्याच्या गच्चीवर ही गत, तर तिथे कसे होणार? आणि सासूबाईंना जमिनीवरून उठायला त्रास होतो, त्याचे काय करावे?

पाऊलवाट

रजई ऊब धरते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली आली की ती हवा दाबून निघून जाते आणि जमीन शरीरातली उष्णता सरळ ओढून घेते. म्हणून वरच्या पांघरुणापेक्षा खालच्या मॅटला अधिक किंमत द्या. फोमची एक सेंटीमीटर जाडीची मॅट पुरुषभर लांब घ्या, तिच्याखाली एक घोंगडी अंथरा, आणि त्याखाली माचीकरांचा पेंढा असेलच. झोपताना दिवसभर घामेजलेला सुती बनियन बदलायचा, पायमोजे कोरडे घालायचे, कान झाकायचे. उकळते पाणी स्टीलच्या बाटलीत भरून ती मोज्यात घालून पायांशी घेतली तर पहाटेपर्यंत पुरते. रात्री लघवीला लागली तर तसेच पडून राहू नका, कारण अंग आखडून धरल्याने झोपही जाते आणि थंडीही जास्त वाजते.

रानवैद्य

तीनपर्यंत झोप लागली नाही, याची काळजी करू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा सावध झोपतो आणि बारीक आवाजालाही प्रतिसाद देतो. पुढच्या खेपेला हा फरक दिसत नाही. तुमचा मेंदू पहाऱ्यावर होता, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही दोन रात्री राहणार आहात हे उत्तम आहे. एकच रात्र राहणारे लोक पहिल्या रात्रीवरून कायमचा निर्णय घेतात.

सासूबाईंसाठी घडीचे बुटके स्टूल न्या. त्यांचे अंथरूण दाराजवळ असावे. उठताना त्यांनी आधी कुशीवर वळावे, मग गुडघ्या-हातांवर यावे आणि दाराबाहेर ठेवलेल्या स्टुलावर हात टेकून उभे राहावे. गुडघ्यांखाली घडी केलेली शाल असावी. रोजच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत विभागून दोन जणांकडे द्या. आणि त्यांना खरोखर नको असेल तर घरात खाटेवर झोपण्याची मुभा राहू द्या.

ओसरी

आम्ही काल परतलो. जसे घडले तसे लिहिते.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही. शेजारच्या तंबूतले घोरणे, कुत्र्यांचे भुंकणे, आणि आमच्याच आच्छादनाचा एक दोर सैल राहिल्याने सारखी फडफड. साडेअकराला उठून मीच तो दोर ताणला. बाहेर पडून खुंटी दगडाने ठोकताना लक्षात आले की मी अंधारात एकटी उभी आहे आणि हाताला काम असल्याने घाबरायचे राहून गेले आहे. आत आल्यावर पुन्हा घाबरले, तेही सांगते.

सासूबाईंनी खाट घेतली नाही. त्यांचे बालपण वेल्ह्याकडचे. भाताच्या राखणीला रात्ररात्र माळ्यावर बसून रानडुकरे हाकलल्याचे त्यांनी मुलीला त्या रात्री प्रथमच सांगितले. लग्नाला अठरा वर्षे झाली, मलाही हे ठाऊक नव्हते. उठण्याची कुशीवरची युक्ती त्यांना दुसऱ्या दिवशी जमली. पहिल्या पहाटे मात्र आम्हा दोघींना त्यांना ओढून उठवावे लागले आणि त्यांचा गुडघा दिवसभर दुखला, त्यामुळे त्या किल्ल्यावर आल्या नाहीत. त्या भैरवनाथाच्या देवळापाशी बसून राहिल्या.

पाळी पहिल्याच दिवशी आली. चहाची पूड, वर्तमानपत्र आणि डबा, सगळे सांगितल्याप्रमाणे केले. घरमालकिणीच्या शौचालयाला कडी होती. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मी ती लावून, काढून, पुन्हा लावून पाहिली. पाणी भरपूर प्यायले.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मुलीने मला हलवले. ठरल्याप्रमाणे दोघी उठलो, बूट झटकले, चेन मागे लावली. परत येताना तिने विजेरी विझवायला सांगितली. मृग नक्षत्र पश्चिमेला कलले होते, ईशान्येला सप्तर्षी वर आले होते, आणि आम्ही बघत असतानाच डोक्यावरून एक उल्का गेली, मग जरा वेळाने दुसरी. १३ आणि १४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो हे यजमानांनी सकाळी सांगितले; आम्हाला माहीत नव्हते. दोघी घोंगडी पांघरून अंगणातल्या दगडावर बसलो आणि तिने अकरापर्यंत मोजल्या. त्यानंतर मी आत जाऊन जी झोपले ती माचीकर दादांच्या गावातले कोंबडे आरवेपर्यंत.

पातळ कापडाची धास्ती पूर्ण गेली असे म्हणणार नाही. पण मुलीला आता मार्चमध्ये रतनवाडीला जायचे आहे, आणि मी नको म्हटलेले नाही. त्या दिवसांत तिकडे काय वेगळे सांभाळावे लागते?

पाऊलवाट

मार्चमध्ये थंडीची चिंता संपते आणि पाण्याची सुरू होते. रतनवाडीत पाणी मिळेल, पण रतनगडावर जायचे असेल तर माणशी तीन लिटर खालूनच न्या, कारण वरच्या टाक्यांचे पाणी त्या दिवसांत आटत जाते. गवत वाळून पेट घ्यायला टेकलेले असते, तेव्हा शेकोटी अजिबात नको; गॅसची शेगडीही झाडून मोकळ्या केलेल्या मातीवर किंवा कातळावर, शेजारी पाण्याची बादली ठेवूनच पेटवा. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे तंबू कुठे लावता येईल हे वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा. अमृतेश्वराचे देऊळ सकाळच्या उन्हात बघा. आणि उन्हाळा लागला की साप पुन्हा फिरू लागतात, म्हणून डिसेंबरात लागलेली चेनची सवय मोडू देऊ नका.